भिंत पाडली, तरी पाठच दिसणार असेल तर?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, नाव-गाव वगळून, थोडक्यात:

आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघं घरात. स्वयंपाकघर आणि घरच्यांची बसायची खोली यांच्यामध्ये १२ फूट लांबीची भिंत आहे. तिच्या एका टोकाला ३ फुटांची, दार नसलेली वाट. छत साडेनऊ फुटांवर. स्वयंपाकघराची रुंदी ८ फूट. गॅस आणि सिंक पलीकडच्या, खिडकीच्या भिंतीलगतच्या ओट्यावर आहेत. मधल्या भिंतीला आतून फ्रिज आणि एक उंच कपाट टेकलेलं आहे. संध्याकाळी सगळे बाहेर टीव्हीसमोर किंवा टेबलाशी आणि मी आत एकटी. आता घराचं काम काढतोय. यांचं म्हणणं, सगळी भिंतच काढू, घर मोठं वाटेल. सासूबाई म्हणतात, वास आणि आवाज घरभर होईल, आल्यागेल्याला सगळा पसारा दिसेल. मला दोघांचंही पटतं. इंटिरियर डिझायनरने तीन चित्रं दाखवली: मोठी कमान, काचेचं सरकतं दार, आणि भिंतीऐवजी उंच स्टुलांचा कट्टा. तिन्ही छान दिसतात. पण मला एवढंच हवंय की एकटं वाटू नये आणि कुणीतरी मदतीला आत यावं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही माहिती म्हणून लिहून पुढे गेलात, पण मी तिथेच थांबले. गॅस आणि सिंक पलीकडच्या भिंतीला आहेत. म्हणजे स्वयंपाक करताना तुमचं तोंड खिडकीकडे आणि पाठ घरच्यांकडे. उद्या ही बारा फुटांची भिंत पूर्ण नाहीशी झाली, तरी तुम्ही उभ्या राहाल त्या जागी उभं राहिल्यावर तुम्हाला खिडकीच दिसणार. घरच्यांना तुम्ही दिसाल, तुम्हाला ते दिसणार नाहीत. वर तुमचा सगळा ओटा मात्र त्यांच्यासमोर. तुमचा एकटेपणा तसाच राहील आणि सासूबाईंना वाटते ती भीती खरी होईल, असा हा सौदा आहे.

म्हणून भिंत ठेवायची की काढायची, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू या. दोन खोल्यांमधल्या मोकळ्या जागेतून खरं तर पाच वेगळ्या गोष्टी ये-जा करतात: माणसं, नजर, हातातल्या वस्तू, आवाज आणि वास. प्रत्येकीला वेगळी जागा लागते. माणसांना जमिनीपासूनची वाट हवी. नजरेला डोळ्यांच्या उंचीवरची खिडकी पुरते. ताट-वाटी पलीकडे द्यायला हात पोचेल एवढा कठडा. आवाज छोट्या फटीतूनही जातो आणि वास छताजवळून. तुमच्या घरातल्या तिघांची मतं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. तुम्हाला नजर आणि हात हवेत, तुमच्या ‘यांना’ मोकळेपणा हवाय, आणि सासूबाईंना वास, आवाज आणि पसारा नकोय. एकाच उघड्या जागेत हे सगळं बसवता येतं, कारण त्या-त्या गोष्टीची उंची वेगळी आहे.

आवाजाबद्दलची एक समजूत आधी तपासू. भिंत आहे म्हणून आवाज आतच राहतो, असं सासूबाईंना वाटतं. पण तुमची वाट ३ फूट रुंद आणि साधारण ७ फूट उंच, दार नसलेली. भिंतीच्या एकूण क्षेत्रफळाचा जवळजवळ पाचवा भाग आजच उघडा आहे. भिंतीला उघडी जागा असली की बाकीची भिंत किती जाड आहे याला फारसा अर्थ उरत नाही. दहावा भाग उघडा असेल तर आवाज साधारण १० डेसिबलच अडतो, पाचवा भाग असेल तर ७ च्या आसपास. कानाला आवाज निम्मा वाटायला अंदाजे १० डेसिबलची घट लागते. म्हणजे तुमचं स्वयंपाकघर आवाजाच्या बाबतीत आजही बंद नाहीच. मी पुढे सुचवते आहे ती खिडकी त्यात उघडलीत, तर ढोबळ हिशोबाने आणखी अडीच-तीन डेसिबलचा फरक पडेल, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. हे सासूबाईंना समजावून सांगा. त्यांना मिक्सरचा त्रास होत असेल तर तो कमी करायची जागा मिक्सरच्या खाली आहे: जाड रबराची चटई, आणि मिक्सर कोपऱ्यात न ठेवता मोकळ्या ओट्यावर, कारण कोपऱ्यातल्या दोन्ही भिंती आवाज परत फेकतात.

आता माझी सूचना. वाट आहे तशी ठेवा. तिच्या शेजारी सुमारे १ फूट भिंत सोडून पुढे ५ फूट रुंदीची मोकळी खिडकी काढा, आणि उरलेल्या ३ फुटांत फ्रिज राहू द्या. उंच कपाट तिथून हलवावं लागेल. खिडकीचा खालचा कठडा जमिनीपासून ४२ इंचांवर आणि वरची कड ७ फुटांवर, वाटेच्या वरच्या कडेशी एका रेषेत. कठड्याच्या आतल्या बाजूला, फ्रिजपासून वाटेपर्यंत, २ फूट खोलीचा नवा ओटा. या ओट्यावर पाणी नको, गॅस नको. त्यावर निवडायचं, चिरायचं, मळायचं, ताटं वाढायची.

या नव्या ओट्यावरच सगळी मदार आहे. गॅससमोर सलग उभं राहण्याचा वेळ आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी असतो. बराचसा वेळ तयारीत आणि मांडामांडीत जातो, आणि ती आपण गॅसशेजारी करतो कारण ओटा तिथेच असतो. तयारीची जागा या बाजूला आणलीत की तेवढा वेळ तुमचं तोंड घरच्यांकडे होईल. नळ आणि गॅसची लाईन जागची हलवावी लागणार नाही, आणि घराच्या कामात खर्च वाढवणाऱ्या गोष्टींत या दोन फार वर असतात. तुमच्या आठ फुटांत दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांचे ओटे गेले की मधे ४ फूट उरतात. एकट्या माणसाला साडेतीन फूट पुरतात, दोघांना एकमेकांच्या पाठीमागून जायला ४ लागतात. तेवढे तुमच्याकडे आहेत. फ्रिज दोन फुटांहून खोल असेल तर त्याच्यासमोर थोडी अडचण होईल, म्हणून तो टोकाला, वाटेपासून लांब.

४२ इंच का? सोफ्यावर टेकून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४० ते ४४ इंचांवर असतात. कठडा तेवढाच उंच असला की बसलेल्याला कठड्याच्या वरचं दिसतं, मागचा ओटा दिसत नाही. तुमचा चेहरा आणि हात दिसतील, सालींचा ढीग दिसणार नाही. तुम्ही उभ्या असाल, तुमचे डोळे साडेचार-पावणेपाच फुटांवर, त्यामुळे तुम्हाला पलीकडचं सगळं दिसेल. मुलाचं अभ्यासाचं टेबल भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब असलं तरी त्यावरची वही दिसते. फक्त कठड्याच्या अगदी पायथ्याशी, सात-आठ फुटांच्या पट्ट्यातली जमीन दिसणार नाही. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्यामुळे चालेल. ज्यांच्या घरी रांगणारं मूल आहे त्यांनी मात्र हे लक्षात ठेवावं. त्यांना कठडा खाली आणावा लागेल किंवा वाट रुंद करून नजर सगळी तिच्यातूनच ठेवावी लागेल.

आतला ओटा कठड्यापेक्षा ७-८ इंच खाली असावा, पण त्याची उंची पुस्तकातून घेऊ नका. सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा, आणि कोपराच्या खाली तीन-चार इंचांवर खूण करा. चिरण्या-मळण्याची उंची ती. यांची आणि तुमची उंची फार वेगळी असेल तर जो जास्त वेळ तिथे उभा राहणार त्याची खूण धरा. ही चर्चा घरात मोठ्याने करून बघा. तिथे कोण उभं राहणार, हे ठरवल्याशिवाय या ओट्याची उंची ठरत नाही, आणि मदतीचा विषय तिथूनच निघेल.

कारण मदतीबद्दल तुमच्या मनात जे गृहीत आहे, त्यावर मला थोडं बोलायचं आहे. आपण दिसलो की मदत येईल, असं आपल्याला वाटतं. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारदाने फ्रँकफुर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी एक छोटं, मोजूनमापून आखलेलं स्वयंपाकघर तयार केलं. अंदाजे १.९ मीटर बाय ३.४ मीटर. तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. बाईचे पाय आणि वेळ वाचावेत हा हेतू प्रामाणिक होता, आणि बसायच्या खोलीकडे सरकतं दारही दिलेलं होतं, की मुलांवर लक्ष राहावं. पुढे त्याच स्वयंपाकघरावर टीका झाली ती या कारणासाठी की त्यात एकच माणूस काम करू शकत होता. नजरेची सोय होती, दुसऱ्या माणसाला उभं राहायची नव्हती.

तुमच्या घरात दुसऱ्या माणसाची जागा आखा. ताटं, पेले, चमचे, पिण्याचं पाणी या गोष्टी आज कुठे आहेत? बहुधा गॅसच्या आसपास. म्हणजे पाणी घ्यायला येणारा माणूस तुमच्या पायात येतो, तुम्ही म्हणता ‘थांब, मीच देते’, आणि हळूहळू कुणी येईनासं होतं. या वस्तू नव्या ओट्याखाली, वाटेजवळच्या टोकाला आणा. मुलाला तुमच्या मागून न जाता ताटं काढता आली पाहिजेत. यांना भांडी जागेवर लावायला तुम्हाला विचारावं लागू नये. कचऱ्याची बादलीही तिथेच, ओट्याखाली, चिरण्याच्या जागेला लागून. नवा ओटा होण्याआधीही, भिंतीला हात न लावता, या वस्तू वाटेजवळ आणता येतील, आणि मी तुमच्या जागी असते तर आजच आणल्या असत्या.

सासूबाई मदतीला का येत नाहीत हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांना फार वेळ उभं राहवत नसेल, ही एक शक्यता. तसं असेल तर कठड्याच्या बाहेरच्या बाजूला ३० इंच उंचीचं साधं टेबल लावा, पाठ असलेल्या खुर्चीसह. त्या बसून निवडतील, तुम्ही आत उभ्या राहून चिराल, मधे कठडा. दोघींची तोंडं समोरासमोर. उंच स्टुलांचा कट्टा याच कारणासाठी मला तुमच्या घरात नको वाटतो. ४२ इंचांच्या कट्ट्याला ३० इंच उंच स्टूल लागतं, गुडघ्यांना फूटभर जागा लागते, माणशी दोन फूट रुंदी लागते, आणि एवढं करून सासूबाई त्यावर चढणार नाहीत. घरातल्या चौथ्या माणसाला बसता येत नसेल ती जागा ‘घरच्यांची’ कशी म्हणायची? कठड्यावर मात्र ९-१० इंच रुंद दगडी पट्टी नक्की घाला, थोडी दोन्हीकडे बाहेर आलेली. ताटं पलीकडे द्यायला ती लागेल. तिची धार गोल करून घ्या, कोपरं आणि डोकी नेमकी त्याच उंचीवर असतात.

आता वास. यांना भिंत छतापर्यंत उघडी हवी आहे, आणि त्यातच मला त्यांना अडवायचं आहे. गॅसवरची गरम हवा वर चढते आणि छताखाली पसरते. तिच्यात वाफ असते आणि तेलाचे बारीक थेंब. खिडकीची वरची कड ७ फुटांवर ठेवली की तिच्यावर अडीच फुटांची भिंत उरते, आणि छताखाली साठलेली ही हवा काही वेळ आत अडते. तेवढ्या वेळात चिमणी तिला ओढू शकते. मोठ्या इमारतींत आग लागल्यावर धूर पसरू नये म्हणून छतातून पडदे सोडतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. उघडी जागा छतापर्यंत नेली तर तेच तेल हळूहळू सोफ्याच्या कापडावर आणि पंख्याच्या पात्यांवर बसतं, आणि मग कुठली चिमणी पुरी पडत नाही. घर मोठं वाटायला जी रुंदी लागते ती यांना पाच फुटांच्या खिडकीतून आणि तीन फुटांच्या वाटेतून मिळेल. वरच्या अडीच फुटांतून दिसण्यासारखं काही नसतंच.

चिमणी घेताना ती गॅसच्या शेगडीपेक्षा रुंदीने कमी नको. पाइप थेट बाहेर जाणारा, होता होईल तितका आखूड आणि कमीत कमी वळणांचा. हवा गाळून परत खोलीत सोडणाऱ्या प्रकारची चिमणी तेल आणि थोडा वास अडवते, पण वाफ काढत नाही. उघड्या स्वयंपाकघराला ती मला अपुरी वाटते. चिमणी गॅस पेटवण्याआधी सुरू करायची आणि गॅस बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची. ती हवा बाहेर फेकते तेव्हा तेवढीच हवा आत यावी लागते. बसायच्या खोलीची खिडकी किंचित उघडी असली की हवा तिकडून स्वयंपाकघराकडे वाहते आणि वास उलट दिशेला जात नाही. उलट, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी आणि बाहेरून वारा येत असेल तर तोच वारा वास बसायच्या खोलीत ढकलतो. याची परीक्षा सोपी आहे: स्वयंपाक चालू असताना वाटेत कागदाची एक पातळ पट्टी धरा आणि ती कुठे झुकते ते बघा. आणि बसायच्या खोलीतल्या पंख्याची हवा नव्या खिडकीतून थेट गॅसवर येत नाही ना, हेही बघा. ज्योत फडफडली की आच वाया जाते आणि विझण्याचा धोकाही असतो.

काचेच्या सरकत्या दाराबद्दल. ते सुंदर दिसतं, पण तुमच्या घरात उघडी जागा दोन ठिकाणी असणार. खिडकीला काच लावली आणि वाट उघडी राहिली तर वास आणि आवाज वाटेने जातीलच. लावायची तर दोन्हीकडे. शिवाय दोन पाती एकमेकांवर सरकतात तेव्हा पाच फुटांपैकी अडीचच उघडतात. पूर्ण उघडायला पातं भिंतीवर सरकवावं लागतं, आणि त्यासाठी शेजारी तेवढीच मोकळी भिंत हवी. ती तुमच्याकडे नाही. रुळात तेलकट धूळ बसते आणि ती काढायचं काम पुन्हा तुमच्याकडेच येईल. माझं मत, आत्ता लावू नका. फक्त खिडकीच्या कडा ओळंब्यात आणि वरची कड सपाट करून घ्या, म्हणजे वर्षभराने खरोखर गरज वाटली तर बसवता येईल. तेव्हा काच टफन्ड (तापवून मजबूत केलेली) घ्यायची, आणि माप प्लास्टर व टाइल पूर्ण झाल्यावरच द्यायचं, कारण टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही.

कमान तुमच्या मापांत बसत नाही. पाच फूट रुंदीची अर्धगोल कमान अडीच फूट उंची खाते, आणि तुमच्या खिडकीची एकूण उंचीच साडेतीन फूट. कोपऱ्यांतून दिसेनासं होईल. कमानीची आवडच असेल तर वाटेच्या माथ्यावर चार-सहा इंचांचा हलका बाक द्या.

एवढं सगळं ठरवलं तरी हातोडा पडण्याआधी एक काम आहे, आणि तिथे हयगय नको. ही भिंत वरचं वजन पेलते का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायला हवं. डिझायनरचा किंवा गवंड्याचा अंदाज इथे पुरत नाही. भिंत ठोकून ‘पोकळ वाजते’ म्हणण्याला अर्थ नाही, आणि जाडीवरूनही पक्कं सांगता येत नाही. साडेचार इंची भिंत बहुतेकदा नुसती आडभिंत असते, नऊ इंची भिंत कधी वजन पेलते, कधी नाही. कॉलम-बीमच्या इमारतीत मधल्या विटांच्या भिंतीत खिडकी काढणं सहसा शक्य असतं. सगळ्या भिंती साचे लावून काँक्रीटमध्ये ओतलेल्या असतील तर तिथे काहीही कापायचं नाही, विषय संपला. आणि भिंती विटांच्या व वजन पेलणाऱ्या असतील तर वाट आणि खिडकी यांच्यामधला तो एक फुटाचा तुकडा दोन लिंटेलांची, म्हणजे उघड्या जागेवरचं वजन पेलणाऱ्या आडव्या तुळयांची, टोकं पेलायला अपुरा पडू शकतो. लिंटेलला प्रत्येक बाजूला निदान सहा-आठ इंचांचा टेकू लागतो. अशा वेळी इंजिनिअर मधला तुकडा वाढवून खिडकी साडेतीन-चार फुटांवर आणायला सांगेल. ऐका. आधी टेकू लावायचे, मग लिंटेल बसवायचं, मग खालची भिंत काढायची, हा क्रम लेखी घ्या. इमारतीत राहत असाल तर तिथली लेखी परवानगीही आधीच. भिंतीतून जाणाऱ्या वायरी आणि पाइप कुठे आहेत, तेही काम सुरू होण्यापूर्वी शोधून घ्या. दिव्यांची बटणं या भिंतीवर असतील तर त्यांची नवी जागा आत्ताच ठरवा.

दिव्यांचं एवढंच: नव्या ओट्यावरचा दिवा वरच्या भिंतीच्या आत, आतल्या बाजूला लपलेला हवा. खिडकीच्या मधोमध लोंबता दिवा चित्रात छान दिसतो, पण तो नेमका तुमच्या आणि घरच्यांच्या चेहऱ्यांच्या मधे येतो. दोन्ही खोल्यांतल्या दिव्यांचा रंग फार वेगळा नको. आत पांढराफेक आणि बाहेर पिवळट असला की खिडकीतून ते डोळ्याला टोचतं.

ज्यांच्या घरी गॅस नेमका याच मधल्या भिंतीला आहे, त्यांना हा आराखडा चालणार नाही. गॅसच्या मागची भिंत उघडी करू नका. तेल पलीकडे उडतं, पंख्याचा वारा ज्योतीवर येतो आणि पलीकडून लहान हात गरम भांड्याच्या दांड्यापर्यंत पोचतो. तिथे खिडकी गॅसपासून दूर सरकवा, किंवा फक्त वाट साडेतीन-चार फुटांपर्यंत रुंद करून तयारीचं टेबल तिच्या तोंडाशी आणा. भाड्याच्या घरातल्यांनी स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवून, नीट गुंडाळून ठेवून दिलं तरी खूप फरक पडतो. घरात चाकाची खुर्ची असेल तर वाटेची निव्वळ मोकळी रुंदी ३२ इंचांच्या खाली नको, ३६ असली तर उत्तम, आणि दोन खोल्यांच्या फरशीत उंबऱ्यासारखी चढ-उतार नको.

आणि तुम्ही, काम सुरू करण्याआधी, एक आठवडा हे करून बघा. एक मजबूत टेबल आत्ताच्या वाटेच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, ये-जा सुटेल असं लावा. खाली लाकडी ठोकळे घालून त्याची उंची तुमच्या कोपराच्या खुणेपर्यंत आणा. सगळी तयारी तिथे, तोंड बाहेर करून करा. ताटं-पेले त्याच्या शेजारी आणा. या आठवड्यात कोण न बोलावता येतं, कुणाशी बोलणं होतं, आणि तुम्हाला स्वतःला बघितलं जाणं आवडतं की नाही, हे लक्षात ठेवा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं. दिवसभर माणसांत राहून आल्यावर काहींना स्वयंपाकघरातली ती एकटी वेळ हवी असते आणि हवी असते ती फक्त मदत. तसं निघालं तर खिडकी तीन फुटांची करा किंवा करूच नका, वाट रुंद करा आणि ताटांची जागा बदला. यात काही चुकीचं नाही.

त्याच आठवड्यात भिंतीवर रंगीत चिकटपट्टीने पाच फूट बाय साडेतीन फुटांची चौकट दोन्ही बाजूंनी आखून ठेवा. सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोनने एक फोटो काढा आणि पट्टीची खालची रेघ कुठे येते ते त्यांना दाखवा. रेघ डोळ्यांच्या खाली येत असेल तर कठडा दोन इंच वर न्या. मग इंजिनिअरचा होकार हातात आल्यावर डिझायनरकडे जा आणि तुमच्या मापांचं नवं चित्र काढून मागा. त्यात कठडा, आतला ओटा आणि वरची कड, तिन्हींची उंची पूर्ण झालेल्या फरशीपासून इंचांत लिहिलेली असू द्या. नवी फरशी जुन्यावर बसणार असेल तर दीड-दोन इंच तिथेच जातात.